प्रेमकादंबरी मिटताना वाचकाचं मन भरावं म्हणून: लिहिणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

प्रेमकादंबरीच्या वाचकाला शेवट पहिल्या पानाआधीच माहीत असतो. दोघं एकत्र येणार. तरीही तो तीनचारशे पानं वाचतो, जागून वाचतो, आणि आवडलेलं पुस्तक वर्षभराने पुन्हा काढतो, तेव्हा तर संवादसुद्धा पाठ झालेले असतात. म्हणजे 'पुढे काय होणार' ही उत्सुकता या प्रकारात फार कामाची नाही. वाचकाला धरून ठेवतो तो वेगळाच प्रश्न: हे दोघं असे असताना एकत्र येतील तरी कसे? त्याचं उत्तर पटलं, तर मन भरतं. नाही पटलं, तर लग्नाच्या मांडवापर्यंत नेलं तरी वाचक कोरडाच राहतो.

'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' ही १९८० साली स्थापन झालेली लेखकांची संघटना. तिने केलेली व्याख्या या क्षेत्रात सर्रास वापरली जाते: कथेच्या केंद्रस्थानी प्रेमकहाणी हवी, आणि शेवट आशादायी व भावनिक समाधान देणारा हवा. आशादायी शेवट कुणालाही लिहिता येतो. समाधानाचं मात्र कष्टाचं काम आहे, आणि ते शेवटच्या प्रकरणात करता येत नाही. कित्येक हस्तलिखितांत भेट, ओढ, भांडण, मिलन सगळं जागच्या जागी असतं आणि वाचणारा सभ्यपणे म्हणतो, "छान आहे." हा लेख त्या 'छान आहे'वर उपाय शोधणाऱ्यांसाठी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. प्रत्येक पात्राच्या मनात एक अशी जागा असते जिथे त्याला सर्वांत जास्त भीती वाटते. नेमक्या त्याच जागी दुसरं पात्र त्याला सांभाळून घेतं, आणि तसं करताना स्वतःचं काहीतरी पणाला लावतं, तेव्हा वाचक तृप्त होतो. बाकीची सगळी रचना त्या घटनेच्या तयारीसाठी असते.

लेखभर एकच काल्पनिक जोडी घेऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. अनिकेत माहितीपटांसाठी ध्वनिमुद्रण करतो. उजव्या कानाने त्याला कमी ऐकू येऊ लागलं आहे आणि हे त्याने कुणालाही सांगितलेलं नाही. नीरजा त्याच माहितीपटाची संकलक. सगळ्यांची अडलेली कामं ती निमूटपणे उरकून टाकते आणि स्वतःसाठी कधीच काही मागत नाही.

पायरी १: दोघांच्या मनातली चुकीची समजूत एका वाक्यात लिहा

पात्राला दुःखद भूतकाळ दिला की काम झालं, असं अनेकांना वाटतं. वडील सोडून गेले, आधीच्या प्रेमात धोका झाला, अपघात झाला. पण घटना नुसती घटना असते. कथेला उपयोगी पडते ती त्या घटनेतून पात्राने काढलेली चुकीची समजूत. एकाच घरातल्या दोन बहिणी वडील निघून गेल्यावर दोन टोकाच्या गोष्टी शिकू शकतात: एक म्हणेल, 'माणसं धरून ठेवली पाहिजेत', दुसरी म्हणेल, 'कुणाला जवळच करू नये'. तुमची नायिका यातली कोण, हे ठरल्याशिवाय ती कशी वागेल ते तुम्हालाही कळणार नाही.

अनिकेतची समजूत: 'माणसाचा उपयोग आहे तोवरच लोक त्याला जवळ ठेवतात.' नीरजाची समजूत: 'काही मागितलं की माणूस निघून जातो.'

आता या समजुतीतून रोजची सवय काढा. अनिकेत प्रत्येक मुद्रणाला सर्वांत आधी पोचतो, कुणाची मदत घेत नाही, गोंगाटाच्या जागी गप्पा मारणं टाळतो. नीरजाला कुणी विचारलं, "तुला काय हवं?", तर तिचं उत्तर ठरलेलं: "काहीही चालेल." ही सवय पहिल्या दोनतीन प्रकरणांतच, काही कारण न सांगता दिसली पाहिजे. वाचकाला आधी वागणं दिसावं, कारण खूप नंतर कळावं. उलट क्रमाने गेलात, म्हणजे तिसऱ्या पानावर बालपणाची तीन पानी हकीकत सांगितलीत, तर पुढे वाचकाला शोधायला काही उरत नाही.

एक चाचणी करून बघा. समजुतीचं वाक्य पुसून टाकलं तरी कथानक तसंच चालू राहत असेल, तर ती समजूत पात्राला फक्त चिकटवलेली आहे.

पायरी २: अडथळा असा निवडा की दहा मिनिटं बोलून तो सुटणार नाही

पामेला रेजिस या अभ्यासक बाईंनी २००३ मध्ये प्रेमकादंबरीचे आठ आवश्यक घटक मांडले. त्यात भेट, ओढ, प्रेमाची कबुली अशा अपेक्षित गोष्टी आहेत, पण सगळं वजन पेलतो तो 'अडथळा'. त्या अडथळ्याचे दोन प्रकार करतात: बाहेरचा आणि आतला. घरच्यांचा विरोध, अंतर, स्पर्धेतल्या दोन कंपन्या, हे बाहेरचे. भीती, अहंकार, स्वतःबद्दलचा गैरसमज, हे आतले.

आजच्या कथेत बाहेरचा अडथळा एकट्याने फार टिकत नाही. दोन कमावती, सज्ञान माणसं. त्यांना खरंच वाटलं तर ती नोकरी बदलतील, शहर बदलतील, घरच्यांशी भांडतील. म्हणून समकालीन प्रेमकादंबरीचा भार आतल्या अडथळ्यावर येतो. बाहेरचा हवाच, कारण तो दोघांना एकत्र आणतो, वेळेची मर्यादा घालतो, दृश्यं पुरवतो. पण दोघांना खरं अडवणारं त्यांच्या आतच असलं पाहिजे.

सर्वांत फसवा अडथळा म्हणजे गैरसमज. तिने त्याला भलत्याच कुणाला मिठी मारताना पाहिलं, ती त्याची चुलतबहीण निघाली. वाचक चिडतो, आणि बरोबरच करतो: एक फोन केला असता तर शंभर पानं टळली असती. गैरसमज वापरायचाच असेल तर त्या माणसाने विचारलं का नाही, याचं उत्तर त्याच्या समजुतीत असलं पाहिजे. नीरजा विचारत नाही, कारण विचारणं हेही तिच्या दृष्टीने मागणंच आहे. इतकं रुजवलं असेल तर तिचं गप्प बसणं वाचकाला रागाऐवजी काळजीत टाकतं.

आता खरी कलाकुसर. दोघांच्या समजुती एकमेकींना घासल्या पाहिजेत. संकलन करताना नीरजाच्या लक्षात येतं की दोष नेहमी उजव्या बाजूच्या ध्वनिवाहिनीतच आहे: शर्टाला माइक घासल्याचा आवाज, आणि तो मुद्रणाच्या वेळी पकडला गेलेला नाही. ती दोनपाच वेळा हे पाहते आणि कारण ओळखते. मग तिच्या स्वभावाप्रमाणे काय करते? कुणाला न सांगता दुरुस्त करून टाकते. तिच्यासाठी ते प्रेम आहे. अनिकेतला ज्या दिवशी कळेल त्या दिवशी तो त्याच्या दृष्टीने पुरावा असेल: आपला उपयोग संपला आणि आता आपल्यावर दया केली जाते आहे. कुणीही खलनायक नाही, दोघंही आपापल्या परीने बरोबर, आणि तरीही स्फोट अटळ. असा अडथळा सापडला की अर्धी कादंबरी आपोआप लिहिली जाते. नाही सापडला तर लिहायला बसू नका, पुन्हा पायरी १ वर जा.

पायरी ३: 'हीच व्यक्ती का?' याचं उत्तर लक्ष देण्यातून द्या

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण बहुतेक हस्तलिखितं इथेच फसतात. नायक देखणा आहे, नायिका हुशार आहे, दोघांत ठिणगी आहे, हे सांगून होतं. पण देखणी आणि हुशार माणसं जगात पुष्कळ. याच दोघांनी एकमेकांना का निवडावं?

उत्तर गुणांच्या यादीत सापडत नाही. ते सापडतं एकाने दुसऱ्याचं काय टिपलं यात. वाचकाला प्रेमकादंबरीत स्वतःसाठी जे हवं असतं ते बहुतेकदा हेच: कुणीतरी आपल्याकडे इतकं नीट पाहावं की आपण न सांगितलेलंही त्याला दिसावं. जॅनिस रॅडवे या अमेरिकी अभ्यासक बाईंनी नियमित प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांशी बोलून १९८४ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. चांगल्या कादंबरीत काय हवं, असं विचारल्यावर सुखान्त शेवटाच्या जोडीने त्यांनी मागितलं ते हळूहळू पण सातत्याने वाढत जाणारं प्रेम. आणि नायकाच्या हळुवार काळजीला त्या वाचकांच्या लेखी फार मोल होतं.

लक्ष देण्याची दृश्यं लिहिताना तीन टप्पे पाळा.

आधी टिपणं. एखादी बारीक, या माणसापुरतीच गोष्ट. नीरजाला दिसतं की अनिकेत बोलताना मान किंचित डावीकडून पुढे करतो, टेबलाशी नेहमी उजव्या टोकाची खुर्ची पकडतो, म्हणजे सगळे त्याच्या डाव्या बाजूला येतात. अनिकेतला दिसतं की नीरजा सगळ्यांना विचारून झाल्यावर उरलेली खुर्ची घेते, उरलेली वेळ घेते, उरलेलं काम घेते.

मग त्यावर कृती, शब्दांविना. ती चालताना त्याच्या डाव्या बाजूला येते. काही बोलत नाही, त्याच्याकडे बघतही नाही. तो एके दिवशी कामाच्या वेळा ठरवताना इतरांआधी तिला विचारतो आणि 'काहीही चालेल' हे उत्तर स्वीकारत नाही, थांबून राहतो. दोन सेकंद, चार सेकंद. ती गोंधळते. कारण तिच्यासाठी कुणी थांबलेलंच नाही आजवर.

तिसरा टप्पा बरेच जण विसरतात: समोरच्याला ते कळलं, हे वाचकाला दिसलं पाहिजे. चारपाच वेळा ती डावीकडेच आल्यावर अनिकेत चालता चालता अडखळतो. तिला माहीत आहे. त्याला आधी भीती वाटते, मग भीतीहून विचित्र असं काहीतरी, हलकं झाल्यासारखं. या क्षणी चुंबन नाही, कबुली नाही, संवादसुद्धा नाही, आणि तरी वाचक पुस्तक छातीशी धरतो.

जोडप्यांच्या नात्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या मांडणीत एक उपयोगी कल्पना आहे. माणसं एकमेकांना सतत लहान लहान हाका देत असतात: 'हे बघ ना', एक उसासा, एखादा फालतू विनोद. समोरचा त्या हाकेकडे वळतो, दुर्लक्ष करतो किंवा फटकारतो, आणि नातं मोठ्या प्रसंगांइतकंच या वळण्या-न-वळण्यावर उभं राहतं. लेखकाला ही आयती शिदोरी आहे. पहिल्या भागात हाका वाया जाऊ द्या, मधल्या भागात त्या झेलल्या जाऊ द्या, आणि ताटातुटीच्या प्रकरणात एक पात्र सवयीने हाक देऊन जाईल आणि ती झेलायला कुणी नसेल. वाचकाला नेमकं काय टोचलं ते सांगताही येणार नाही.

इथेच एक इशारा. लक्ष देणं आणि पाळत ठेवणं यांत फरक आहे, आणि आजचा वाचक तो चटकन ओळखतो. तिचा फोन तपासणारा, तिच्या मित्रांवर डाफरणारा, तिच्या नकाराला लाजणं समजणारा नायक एकेकाळी 'तीव्र प्रेम करणारा' म्हणून खपून गेला. आता काळोख्या, धोकादायक प्रेमकथांचा वेगळा वाचकवर्ग आहे आणि त्याला काय वाचतोय ते ठाऊक असतं. पण नेहमीच्या समकालीन कथेत असा नायक आणून शेवटी समाधान मिळेल अशी अपेक्षा करू नका. ज्याच्याजवळ नायिका सुरक्षित नाही त्याच्याशी तिचं जमलं, तर वाचकाला हायसं वाटत नाही, तिला सावध करावंसं वाटतं.

पायरी ४: ट्रोप निवडलात की त्याचं वचन पाळा

वाचक हल्ली पुस्तक ट्रोपवरून, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळखीच्या कथासाच्यावरून निवडतात: शत्रुत्वातून प्रेम, खोटं खोटं नातं, मैत्रीतून प्रेम, दुसरी संधी, स्लो बर्न म्हणजे अगदी सावकाश फुलणारं प्रेम. ट्रोपला नाकं मुरडणारे लेखक मला थोडे भाबडे वाटतात. ट्रोप म्हणजे वाचकाशी केलेला करार, आणि प्रत्येक करारात एक दृश्य असतं ज्यासाठी वाचकाने पुस्तक उचललेलं असतं.

खोट्या नात्याच्या कथेत ते दृश्य म्हणजे एकाच्या बाजूने नाटक संपलेलं असतं आणि दुसऱ्याला ते माहीत नसतं. शत्रूंच्या कथेत शत्रुत्वाला खरं कारण हवं, नुसती तोंडाळ चकमक पुरत नाही. आणि 'मी तुझ्याबद्दल चुकीचं समजलो होतो' हा क्षण चुंबनापेक्षा महत्त्वाचा. दुसऱ्या संधीच्या कथेत पहिल्यांदा जे तुटलं त्याचं कारण खरोखर मिटलेलं दिसलं पाहिजे. दोघं फक्त वयाने मोठे झालेत एवढ्यावर वाचक विश्वास ठेवत नाही. मैत्रीतल्या कथेत मैत्री गमावण्याची किंमत दिसायला हवी, म्हणून मैत्रीची दृश्यं प्रेमाच्या दृश्यांइतकी रसरशीत हवीत.

तुमच्या कथेचं ते एक दृश्य कोणतं, ते कागदावर लिहा. मग ते घाईत, दीड पानात, प्रकरणाच्या शेवटी उरकलेलं तर नाही ना, ते तपासा. आश्चर्य वाटेल, पण अनेकदा तसंच असतं.

पायरी ५: जवळीक चढत्या क्रमाने, प्रत्येक पायरीला किंमत लावून

प्रत्येक जवळच्या दृश्यानंतर दोन प्रश्न विचारा. आज कुणी काय उघड केलं? आणि त्यामुळे आता कुणाचं काय धोक्यात आलं? दोन्हींची उत्तरं रिकामी असतील तर दृश्य गोड असेल, पण कथा तसूभरही हललेली नाही.

शारीरिक दृश्यांनाही हाच नियम. किती उघड लिहायचं हा तुमच्या आणि तुमच्या वाचकाच्या आवडीचा प्रश्न. दार बंद करून लिहिलेल्या कादंबऱ्याही पूर्ण समाधान देतात. पण दृश्याआधीचे दोघं आणि नंतरचे दोघं सारखेच असतील तर ते दृश्य काढलं तरी चालेल. अनिकेत आणि नीरजा पहिल्यांदा जवळ येतात तेव्हा ती त्याच्या उजव्या कानाशी काहीतरी कुजबुजते, आणि त्याला ते ऐकू येत नाही. तो हसून वेळ मारून नेतो. ती ओळखते. ते वाक्य काय होतं, हे वाचकालाही सांगू नका. शेवटी कामी येईल. आणि संमती म्हणजे कथेतला व्यत्यय असं समजू नका, "असं चालेल?" हा प्रश्न योग्य माणसाने योग्य आवाजात विचारला तर ताण वाढतो, कमी होत नाही.

दृष्टिकोनाबद्दल एवढंच: दोघांच्याही मनात वाचकाला जाऊ द्यायचं असेल तर प्रकरणं आलटून पालटून द्या. मग वाचकाला दोघांचंही खरं ठाऊक असतं आणि त्या दोघांना एकमेकांचं नसतं. पण एकच प्रसंग दोन्हींकडून पुन्हा सांगू नका. ज्याचं त्या दृश्यात जास्त काही जाण्याजोगं आहे, त्याच्या नजरेतून एकदाच सांगा.

पायरी ६: ताटातूट पात्रांच्या स्वभावातूनच घडू द्या

शेवटच्या चतुर्थांशाच्या आसपास सगळं संपल्यासारखं वाटतं. रेजिस यांनी या क्षणाला विधीतल्या मृत्यूसारखं म्हटलं आहे, आणि मला ते पटतं, कारण इथे जुना माणूस मरायला हवा. अपघात, जुनी प्रेयसी, अचानक आलेली परदेशी नोकरी यांनी घडवलेली ताटातूट वाचकाला लेखकाचा हात दाखवते.

आपल्या कथेत अनिकेत जुन्या आणि दुरुस्त केलेल्या ध्वनिफिती शेजारी शेजारी पाहतो. त्याला तीन महिन्यांचं सगळं एका दमात कळतं. तो म्हणतो, "दया करायला मी सांगितलं नव्हतं." नीरजाने इथे म्हणायला हवं, 'मी दया केली नाही, आणि तू जाऊ नकोस.' पण ते मागणं झालं. म्हणून ती म्हणते, "ठीक आहे", फाइली व्यवस्थित लावते आणि दुसरा प्रकल्प घेऊन निघून जाते. दोघंही पहिल्या प्रकरणातल्या समजुतीप्रमाणे वागले. वाचक दोघांवरही ओरडतो आणि दोघांनाही समजून घेतो. हीच अवस्था हवी.

ताटातूट झाल्यावर घाईने पुढच्या प्रकरणात मिलन नको. दोघांना एकटं राहू द्या, आणि त्या एकटेपणात विचार करताना दाखवण्यापेक्षा वेगळं वागताना दाखवा.

पायरी ७: परत येणं हे कमवावं लागतं

विमानतळावर धावत जाणं, भर सभेत गुडघ्यावर बसणं, पावसात ओरडून सांगणं. ही दृश्यं वाईट नाहीत, पण त्यांत एक खोट आहे: ती कुणालाही, कुणाहीसाठी करता येतात. शिवाय चारचौघांत विचारल्यावर समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक राहत नाही. तुमच्या पात्राच्या समजुतीच्या नेमकी उलट जाणारी कृती शोधा. ती बहुधा लहान असते आणि करणाऱ्याला फार जड जाते.

अनिकेत कानाची तपासणी करून घेतो आणि दिग्दर्शकाला स्वतः सांगतो: उजव्या कानाने मला नीट ऐकू येत नाही, इथून पुढे त्या वाहिनीवर लक्ष ठेवायला सहायक लागेल, आणि त्यामुळे पुढचं काम दुसऱ्याला द्यायचं असेल तर द्या. लक्षात घ्या, हे तो नीरजाला भेटण्यापूर्वी करतो, ती परत येईल याची खात्री नसताना करतो. बदलाचा मोबदला ठरलेला नाही, म्हणूनच वाचक त्यावर विश्वास ठेवतो.

मग माफी. कादंबरीतली चांगली माफी नेमकी असते: काय केलं, त्याने काय झालं, आणि 'पण' हा शब्द नाही. "तू दया केलीस असं मी म्हणालो. ती काळजी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. मला घाबरल्याचं कबूल करायचं नव्हतं म्हणून तुला कमी लेखलं." आणि समोरच्याला लगेच माफ करायची सक्ती नको. नीरजाने थोडा वेळ घेतला तर वाचक तिच्या बाजूनेच असतो.

पण फक्त त्यालाच वाकवून कथा संपवू नका. चूक तिचीही आहे: त्याच्या आयुष्यातली मोठी गोष्ट तिने त्याच्या पाठीमागे हाताळली. ती हे मान्य करते, आणि मग तिच्यासाठी जगातली सर्वांत अवघड गोष्ट करते. ती मागते. "माझ्यासाठी थांब. मला तू हवा आहेस." तो विचारतो, त्या रात्री उजव्या कानाशी काय म्हणाली होतीस? ती उठून त्याच्या डाव्या बाजूला येते. त्या रात्रीही ती हेच म्हणाली होती, ऐकू जाणार नाही अशा जागी म्हणाली होती, कारण मागायचं तर होतं पण ऐकू जायला नको होतं. पाचव्या पायरीवर पेरलेलं इथे उगवलं. अशा पेरण्या कथाभर दोनतीन पुरेत. प्रत्येक वस्तूला अर्थ चिकटवत सुटलात तर कथा कोड्यासारखी वाटू लागते.

पायरी ८: मिलनानंतर वाचकाला लगेच हाकलू नका

रॅडवे यांच्या अभ्यासातल्या वाचकांची आणखी एक अपेक्षा होती: दोघं एकत्र आल्यानंतरचंही थोडं वाचायला मिळावं. ती आजही तितकीच खरी आहे. तीनशे पानं ताण सहन केलेल्या माणसाला मिठीच्या ओळीवर 'समाप्त' वाचायला लावणं हा कंजूषपणा आहे.

या भागात काय लिहायचं? लग्न आणि बाळ असलंच पाहिजे असं नाही. कायमचं सुख दाखवा किंवा 'सध्यापुरतं सुख' दाखवा, दोन्ही चालतं; दोघं एकत्र आहेत आणि पुढेही राहतील अशी खात्री वाटली की झालं. ती खात्री पटवण्याचा माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे एक छोटी नवी अडचण द्या आणि दोघांना ती नव्या पद्धतीने सोडवताना दाखवा. नीरजाला कामाचा डोंगर आहे आणि ती अनिकेतला सरळ सांगते की यातलं अर्धं तू कर. तो कुरकुरतो, करतो. अनिकेत नव्या सहायकाला कुठे बसायचं ते सांगतो, विनोद करतो. पहिल्या प्रकरणातले ते दोघं हे करूच शकले नसते, आणि वाचक मनातल्या मनात हा फरक मोजतो.

पायरी ९: तपासणी

पहिला खर्डा झाला की दोन रंगांच्या पेन घ्या. एका रंगाने एकाने दुसऱ्याचं काही टिपल्याच्या जागा खुणा करा, दुसऱ्या रंगाने कुणीतरी काहीतरी पणाला लावल्याच्या. सलग तीन प्रकरणांत दुसरा रंग नसेल तर तिथे कथा बसली आहे. पहिला रंग फक्त एकाच्याच बाजूने दिसत असेल तर प्रेम एकतर्फी लिहिलं गेलं आहे, तुमच्या मनात काहीही असो.

नंतर दोघातिघांना वाचायला द्या, शक्यतो असे की जे प्रेमकादंबऱ्या एरवीही आवडीने वाचतात. साहित्याचे जाणकार पण या प्रकाराला कमी लेखणारे वाचक इथे उपयोगाचे नाहीत. जे नको तेच ते सुचवतील. "आवडलं का?" विचारू नका. विचारा: कुठे पुस्तक खाली ठेवलंत? या दोघांनी एकमेकांना सोडावं असं कुठे वाटलं का? शेवटी त्याला माफ केलंत का, आणि नेमकं कुठल्या ओळीला? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाने वेगळं दिलं तर चिंता नाही. पण कुणालाच ती ओळ सांगता आली नाही, तर पायरी ७ पुन्हा लिहावी लागेल, आणि बहुधा तिचं मूळ पायरी १ मध्ये निघेल.

कथा क्रमशः प्रसिद्ध करणाऱ्यांसाठी एक गोष्ट अधिक महत्त्वाची. पहिला भाग टाकण्याआधी ताटातुटीचं आणि परत येण्याचं प्रकरण कच्चं का होईना लिहून ठेवा. शेवट लिहितानाच कळतं की सुरुवातीला काय पेरायला हवं होतं, आणि भाग एकदा वाचकांपुढे गेला की त्यात मागाहून खुर्चीची जागा बदलणं अवघड होतं. वाचकांचे अभिप्राय येतील, 'लवकर एकत्र आणा' असा आग्रहही होईल. मधल्या प्रसंगांत त्यांचं जरूर ऐका, एखादं सहपात्र आवडलं तर त्याला जागा वाढवून द्या. ताटातूट मात्र ठरल्या जागीच होऊ द्या.